चावी

धाकलूकाका पालिकेत चावीवाला होता.
कुलपाची नव्हे, पाण्याची:
छातीएवढी लोखंडी चावी, वर आडवी मूठ,
रस्त्यातलं झाकण उचलून आत सोडायची
आणि फेरे मोजायचे.
पार्कसाइटच्या डोंगराला बावीस,
खालच्या वस्तीला चौदा.
एकतीस वर्षं.
तहान म्हणजे काय हे सांगायला
त्याला पोथी लागली नाही.

रविवारी विहारात मुलं बसायची,
पत्र्याखाली, सतरंजीवर, नाकं ओढत.
वंदना झाली की काका पाढे विचारावेत तसं विचारायचा,
"सिद्धार्थ घरातून का निघाला?"
म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं,
कुणीतरी घडाघडा म्हणून टाकायचं.
"एकोणतीस वर्षांच्या बाप्याने
तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता होय रे?
घरात आजी नव्हती त्याच्या?"
मुलं खिदळायची.
मग काका फरशीवर खडूने रोहिणी नदी काढायचा.
इकडे शाक्य, तिकडे कोलीय,
आणि उन्हाळ्यातलं उरलंसुरलं पाणी कुणाच्या शेताला.
"काठ्या निघाल्या. सभा म्हणाली, युद्ध.
हा एकटा उभा राहिला, म्हणाला, नाही."
"मग?"
"मग काय. मतं कमी पडली. घर सोडावं लागलं.
नळावरच्या भांडणातून निघाला, असं समजा."

पुढच्या रांगेत प्रज्योतच्या कपाळाला तीन टाके होते,
गुरुवारचे, हंड्याचे.
त्याने ते चाचपून पाहिले.

पाणी कमी, हे दुःख.
शेजारणीचं पिंप भरलेलं दिसलं
की आपलं रिकामं जास्तच रिकामं होतं,
ते का होतं, हे दुसरं.
तिसरं सांगण्याआधी काका चहा मागवायचा.
एकदा संबोधीने विचारलं,
"काका, निब्बाण म्हणजे पाणी बंद?"
तो बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिला.
"नाही गं. चावी झटक्यात बंद केली
तर पाइप आतून धडका मारतो, जोड फुटतात.
फेरा फेरा मोजून बंद करावी लागते.
मग पाणी असतंच आत.
फक्त धडका मारत नाही."
तिला कळलं का, ठाऊक नाही.
मला अजून पुरतं कळलेलं नाही.

वर्षातून एकदा कान्हेरी.
चैत्यात पाच मिनिटं डोळे मिटून झाले
की काका आम्हाला टाक्यांकडे न्यायचा.
लेण्यांच्या दाराशी कोरलेली टाकी,
कातळावरून तिथवर उतरणारी पन्हळ.
"पंप नाही, मीटर नाही.
दगडाला उतार दिलाय, बस."
भिंतीवर अक्षरं, आम्हाला न वाचता येणारी.
टाकी कुणी दिली, कुणासाठी.
"चारी दिशांच्या संघासाठी," काका म्हणायचा,
आणि पुन्हा म्हणायचा, "चारी."
त्याच्या बापाला गावच्या विहिरीवर
पाणी मिळायचं ते वरून,
ओंजळीत.

आजारपणात एकदा मला जवळ बसवून म्हणाला,
"तुझी आई बाळंतीण होती तेव्हा
आपल्या गल्लीला मी दोन फेरे जास्त दिले.
वरच्या अंगाला त्या दिवशी हंडे कोरडे.
जे दिलेलं नाही ते घेणार नाही, रोज म्हणतो,
तिथे जीभ अडते."
मी म्हटलं, दोनच फेरे.
तो काही बोलला नाही.
चावी त्याने निवृत्तीच्या दिवशीच जमा केली होती,
पावती अजून डब्यात आहे.

पहाटे सव्वाचारला नळात आधी हवा येते,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी.
मग धार.
मी पिंपापाशी उभी राहते.
वरच्या खोलीतली बाई अजून उठलेली नसते,
तिचा नळ माझ्यानंतर.
चार बोटं कमी असतानाच
मी बंद करते.
रोज नाही.